सारंगी घरात ठेवली म्हणून कोणी मरत नाही

आमच्या मालवणात अजून सांगतात, सारंगी घरात ठेवू नको, रडकं वाद्य, घराला अवकळा येते. साफ खोटं आहे हे. समज पक्का झाला तो रेडिओमुळे, मोठा नेता गेला की आकाशवाणीवर दुखवट्यात सारंगी लागायची, मग नुसती ऐकू आली तरी माणसं विचारायची, कोण गेलं? पण ठुमरी, होरी असल्या शृंगाराच्या, होळीच्या गाण्यांना साथ हीच करायची की, आणि सारंगीवादक पंडित रामनारायण यांनी तर तिला एकटीला मैफलीत मानाने बसवलं.

दुसरं, "ती रात्री आपोआप रडते". आजोबांची माळ्यावर होती, खाली गणपतीची आरती सुरू झाली की वरून बारीक गुंजन यायचं, मी स्वतः ऐकलंय. अहो, मुख्य 3 तारांखाली 35 च्या आसपास तरफेच्या तारा असतात, जवळ तोच सूर लागला की त्या आपोआप झंकारतात. भूतबीत काही नाही. खरा त्रास आपल्या दमट पावसाळ्याचा, सारंगीवर मढवलेलं कातडं सैल पडतं, आवाज बसतो. कोरड्या जागी ठेवा, ऊन पडलं की काढून वाजवा, पण भंगारात नका हो देऊ.