सायलेन्सरच्या जॉइंटवर वेल्डिंग मारून गाडी आणू नका
(जुन्या फोर बाय फोर गाड्यांच्या एक्झॉस्टबद्दल, आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार मंडळी,

जिप्सी, एमएम ५४०, मेजर, जुनी सफारी, पहिलीवाली स्कॉर्पिओ आणि आता २०१०-११ च्या थारसुद्धा, ह्या गाड्यांच्या एक्झॉस्टचं काम आमच्याकडे बाराही महिने चालू असतं. आणि फोनवर प्रश्न एकच, "भाऊ, गाडी गजब आवाज करून राहिली, सायलेन्सर बदलायचा आहे, किती लागतीन आणि तासाभरात होऊन जाईल ना?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून दिलेलं बरं म्हणून हा कागद. गाडी आणायच्या आधी वाचून घ्या, तुमचीच एक चक्कर वाचेल.

आवाज वाढला म्हणजे सायलेन्सरच गेला असं नसतं. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर बॉनेटखालून टिक टिक टिक येत असेल आणि दोन-चार किलोमीटर चालल्यावर ते कमी होत असेल तर मॅनिफोल्डचं (इंजिनाला लागून असलेला, सगळ्या सिलिंडरचा धूर एका पाईपात आणणारा भाग) पॅकिंग म्हणजे जोडातली गॅस्केट गेलीय किंवा मॅनिफोल्डला भेग आहे, लोखंड तापून फुगलं की फट मिटते म्हणून आवाज बसतो, गाडी बरी झाली असं समजू नका. पायाखालून फर्र फर्र येत असेल तर बहुतेक फ्रंट पाईपचा जॉइंट. आणि मागून भसाडा घुमणारा आवाज येत असेल, सायलेन्सर हाताने (गार असताना!) हलवल्यावर आत काहीतरी खडखडत असेल, तर मात्र सायलेन्सर आतून सुटलाय. जॉइंट लीक असला की त्याच्या बाजूला काजळीची काळी रेघ दिसते, मोबाईलचा टॉर्च मारून खाली पाहिलं तरी कळतं. त्या रेघेचा फोटो आम्हाला पाठवलात तर अर्धं निदान तिथेच होतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यात तुमचा पैसा आणि आमचा वेळ दोन्ही जातात.

जॉइंट लीक झाला की बरेच जण गाडी रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेतात, तो दोन्ही फ्लॅन्जच्या (पाईपच्या टोकाला असलेल्या, नटाने जोडायच्या चकत्या) भोवती गोल वेल्डिंग मारून देतो, शे-दोनशेत आवाज बंद आणि माणूस खूश. पण तो जॉइंट उघडता यावा म्हणूनच कंपनीने दिलेला असतो. फोर बाय फोरमध्ये फ्रंट पाईप गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) अगदी चिकटून जातो, उद्या क्लच प्लेट बदलायची म्हटली की गिअरबॉक्स उतरवायचा आणि त्यासाठी बऱ्याच गाड्यांत आधी हा पाईप काढावा लागतो. तो वेल्ड केलेला असला की पान्याचं काम ग्राइंडरवर जातं. बाजूने डिझेलचा नाहीतर पेट्रोलचा पाईप, ब्रेकची लाईन, वायरिंग, आणि मधे ठिणग्या, म्हणजे सगळं झाकून, बाजूला बांधून, थांबत थांबत कापावं लागतं. मग नवीन फ्लॅन्ज नाहीतर पूर्ण पाईप. अर्ध्या दिवसाचं काम असं दोन दिवसांवर जातं आणि बिल पाहून ग्राहक म्हणतो, एवढं कसं काय?

दुसरं नुकसान दिसत नाही पण ते मोठं आहे. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, रेस दिली की ते डुलतं, आणि सायलेन्सर लटकलेला असतो चेसिसला. ह्या दोघांच्या मधला हिसका त्या जॉइंटने किंवा जाळीवाल्या फ्लेक्झिबल तुकड्याने सोसायचा असतो. ती जागा वेल्डिंगने आवळून टाकली की सगळा हिसका वर मॅनिफोल्डवर जातो, आणि मॅनिफोल्ड असतो बीडाचा (ओतीव लोखंडाचा). बीड वाकत नाही, तडकतं. त्याला साध्या रॉडने वेल्डिंग धरत नाही, आधी तापवावं लागतं, निकेलचा रॉड लागतो, हळूहळू गार करावं लागतं, आणि एवढं करूनही कधी कधी टाक्याच्या शेजारीच नवी भेग पडते. जिप्सीचा मॅनिफोल्ड शोधला तर मिळतो, पण एमएम ५४० च्या जुन्या प्यूजो डिझेल इंजिनाचा चांगला मॅनिफोल्ड शोधायला भंगार बाजार पालथा घालावा लागतो.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर पेंचकडची एक जिप्सी आली होती. फ्रंट पाईपच्या फ्लॅन्जवर वेल्डिंगचे एकावर एक तीन थर, नट कुठे आणि स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) कुठे ते ओळखूच येईना. कापून पाईप मोकळा केला तर मॅनिफोल्डचा कान सरळ हातात आला. तुटलेली जागा पाहिली तर तीन हिस्से काजळीने काळी आणि फक्त कडेला थोडीशी चकचकीत करडी होती. म्हणजे भेग कितीतरी आधीची, शेवटचा धागा तेवढा आमच्याकडे तुटला. मालकाला तो तुकडा दाखवला तेव्हा त्याला पटलं. म्हणूनच आम्ही काढलेला प्रत्येक जुना पार्ट तुमच्या हातात देतो, विशेषतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा, थोडक्यात कॅट), कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि जुन्यालाही बाजारात भाव आहे. कुणी "कॅट काढून देतो, मजुरी नको" म्हणालं तर आधी विचार करा.

जंगलात, शेतात अडकलात आणि वेल्डिंगशिवाय इलाजच नाही असं झालं तर निदान जॉइंटवर मारू नका, पाईपच्या सरळ भागाला भोक असेल तर तिथे पट्टी मारा. आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायला लावा, अर्थचा क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी जवळ त्याच पाईपला लावायला सांगा. क्लॅम्प कुठेतरी लांब बंपरला लावला की करंट वाटेल तिथून फिरतो, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) जिप्सी किंवा कॉमन रेलवाल्या (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) थारचा ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर गेला तर सायलेन्सरचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

गाडी रात्रभर का ठेवून घेता, हा पण नेहमीचा प्रश्न. कारण स्टड. दहा-पंधरा वर्षं तापून गार झालेला नट स्टडवर पार बसून जातो. आम्ही संध्याकाळी गाडी घेतो, तारेच्या ब्रशने आटे साफ करतो, गंज सोडवायचा स्प्रे मारतो आणि रात्रभर मुरू देतो. सकाळी गार इंजिनवर नट आधी केसभर आवळायचा मग सोडायचा, पुन्हा आवळायचा पुन्हा सोडायचा, अडला तर नुसता नट गॅसने लाल करायचा. ह्याला वेळ लागतो, मान्य आहे. पण घाईने लांब पाईप घालून पाना ओढला की स्टड मॅनिफोल्डच्या तोंडाशी तुटतो, मग ड्रिल करा, आत ईझी-आउट (तुटलेला तुकडा उलटा फिरवून काढायचं हत्यार) घाला, आणि तो पण आत तुटला की मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. घरी स्वतः प्रयत्न करणाऱ्यांना कळकळीची विनंती, नट जागचा हलत नाही असं वाटलं की तिथेच थांबा आणि तसाच आणा. अडकलेला नट सोडवायची मजुरी थोडी आहे, तुटलेल्या स्टडची नाही. आम्ही नवीन स्टड आणि पितळी नट टाकतो, पॅकिंग दरवेळी नवीन, एकदा दाबलं गेलेलं पॅकिंग परत तसं बसत नाही, त्याचे वेगळे पैसे लावतो ते ह्यासाठी.

सायलेन्सर आतून का कुजतो तेही सांगतो. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन निघतं. लांब चाललेली गाडी ती वाफ बाहेर टाकते, पण नागपुरातच घर ते धरमपेठ आणि परत एवढंच चालणाऱ्या गाडीत ती सायलेन्सरमध्येच गार होऊन साचते. खाली बारीक भोक असतं ते पाणी निघायलाच असतं, लीक समजून ते बुजवू नका. शोकेसमध्ये ठेवल्यासारखी महिन्यातून दोनदा निघणारी गाडी असेल तर तिला अमरावती रोडने अर्धा-पाऊण तास मोकळी पळवा.

लीक "चालतंय तोवर चालू द्या" म्हणू नका. कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग. कापडी हूडची जिप्सी मागचा पडदा वर करून चालवली की मागची हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर धूर, मागच्या सीटवर लहान मुलं असतात. टेल पाईप बॉडीच्या बाहेर निघालाच पाहिजे, कापून आखूड करून मागितला तर आम्ही देत नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी लीक असेल तर बाहेरची हवा आत शिरते, ईसीएमला वाटतं मिश्रण पातळ आहे, तो पेट्रोल वाढवतो, ॲव्हरेज पडतं आणि पीयूसीला पण त्रास. टर्बोवाल्या गाडीत मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मधे लीक असली तर पिकअप जातो आणि लोक इंजेक्टर तपासत बसतात. गाडी १५ वर्षांची होऊन पासिंगला न्यायची असेल तर हे काम आधी करून घ्या, आरटीओच्या आवारातून परत यायची वेळ येऊ नये.

पार्टबद्दल थोडक्यात. साधा लोखंडी, ॲल्युमिनियम कोटिंगवाला आणि स्टेनलेस असे तीन प्रकार आम्ही दाखवतो. गाडी पाच-सात वर्षं ठेवायची असेल तर मधला घ्या, स्टेनलेस छान आहे पण चेसिसच कुजत आलेल्या गाडीला आम्ही तो सुचवत नाही. जाडा पाईप टाकून जुन्या विनाटर्बो डिझेलची ताकद वाढत नाही, फक्त आवाज वाढतो. हीट शील्ड काढून फेकायला सांगू नका, त्याच्या वर वायरिंग आणि फ्लोअर आहे. आणि उन्हाळ्यात जंगलाकडे जाणाऱ्यांनी तापलेली गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे गवत पेटायला एवढी उष्णता पुरते.

फिटिंग करताना आम्ही आधी सगळं सैल जोडतो, हँगर रबर लावतो, मग इंजिनाकडून मागे आवळत येतो, म्हणजे पाईपला ताण राहत नाही. रॅम्पवर एक्सल खाली लटकलेला असतो तेव्हा सगळीकडे जागा दिसते, म्हणून गाडी चाकांवर उतरवून, मागे वजन टाकून एक्सल आणि प्रॉपेलर शाफ्टपासूनचं अंतर पुन्हा बघतो. पाटे बसलेल्या गाडीत हे फार महत्त्वाचं आहे. खड्ड्यात गेल्यावर पाईप एक्सलवर आपटला तर नवीन सायलेन्सरचा हँगर पहिल्याच ट्रिपमध्ये तुटतो.

फोनवर पक्का भाव आम्ही सांगत नाही, कारण खालून बघितल्याशिवाय स्टड किती आणि पाईप किती ते कळत नाही. बघायचे पैसे घेत नाही. फोन करताना गाडीचं वर्ष, इंजिन कोणतं (जिप्सी कार्ब्युरेटरवाली की एमपीएफआय, थार डीआय की सीआरडीई म्हणजे कॉमन रेलवाली) आणि आधी कुठे वेल्डिंग मारलंय का हे सांगा, मारलं असेल तर लपवू नका, त्याप्रमाणे ग्राइंडर आणि फ्लॅन्ज तयार ठेवतो. गाडी संध्याकाळी सहाच्या आत आणून सोडा. काम झाल्यावर पाचशे-सातशे किलोमीटरने एकदा परत आणा, नवीन पॅकिंग तापून बसलं की नट थोडे सैल पडतात, ते आवळायचे पैसे नाहीत आणि दहा-पंधरा मिनिटांत होतं, फक्त इंजिन गार असू द्या.