चाळिशीनंतरची अर्धशिशी आणि हार्मोन्सचा वाद : पार्श्वभूमी

अर्धशिशीचा त्रास असलेल्या बाईला चाळिशीत डॉक्टर आणि घरातल्या थोरल्या बायका एकच दिलासा देत आल्या आहेत: पाळी गेली की डोकं थांबेल. पुष्कळ जणींच्या बाबतीत तो खराही ठरतो. मात्र पाळी जाण्याआधीच्या ज्या वर्षांत दुखणं वाढतं, त्यांचा वेगळा विचार व्हायला फार काळ जावा लागला. त्याचं कारण तर कधीच हाती आलं होतं.

१९७२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका न्यूरॉलॉजिस्टने पाळीच्या सुमारास डोकं उठणाऱ्या काही बायकांना पाळीआधी इस्ट्रॅडिओलचं, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या मुख्य प्रकाराचं, इंजेक्शन दिलं. पाळी ठरल्या वेळी आली, डोकं मात्र काही दिवसांनी, रक्तातलं इस्ट्रोजेन उतरल्यावर दुखलं. प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-हार्मोन दिल्यावर उलट घडलं. पाळी लांबली आणि डोकं आपल्या नेहमीच्या वेळेला दुखलं. म्हणजे दुखण्याची खूण पाळी नव्हे, इस्ट्रोजेनची घसरण. गरोदरपणात इस्ट्रोजेन खूप असतं आणि अनेकींना आराम पडतो. पाळी कायमची थांबल्यावर ते कमी असतं, तेव्हाही आराम पडतो. दोन्ही वेळा पातळी स्थिर असते. पंचेचाळिशीच्या आसपास नेमकी ही स्थिरता जाते. एखाद्या महिन्यात अंडाशय तरुणपणाहून जास्त इस्ट्रोजेन सोडतं, पुढच्या महिन्यात एकदम हात आखडतं.

तरी अभ्यास होत राहिले ते बहुतेक नियमित पाळीच्या बायकांवर. अनियमित पाळीत दिवस मोजायचे कसे, ही अडचण होतीच. पाळी जाण्याआधीच्या काळाचे टप्पे २००१ मध्ये ठरवले गेले, २०११ मध्ये सुधारले गेले. २०१६ मध्ये अर्धशिशीच्या साडेतीन हजारांहून जास्त अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास आला, त्यात महिन्यातले दहा किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखण्याचं प्रमाण या काळातल्या स्त्रियांत नियमित पाळीवाल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं. बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत होत्या.

मधल्या काळात उपचारांची एक मोठी वाट, पाळी जाण्याच्या त्रासावर बाहेरून हार्मोन देण्याची, जवळपास बंद झाली होती. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४२ पासून मिळत होतं. १९७५ मध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दिसला, म्हणून सोबत प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं औषध, देऊ लागले. मग जुलै २००२ मध्ये या जोडगोळीची एक प्रचंड अमेरिकी चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली. चाचणीत १६,६०८ स्त्रिया होत्या. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग ३० ऐवजी ३८ जणींना आणि पक्षाघात २१ ऐवजी २९ जणींना झाला. जगभर मथळे झळकले, डॉक्टरांनी चिठ्ठ्या लिहिणं थांबवलं, बायकांनी चालू गोळ्या बंद केल्या.

चाचणी थांबवणं तिच्या नियमांना धरून होतं, त्यावर आक्षेप नाही. आक्षेप आहे तो निष्कर्ष कुणाकुणाला लावला यावर. चाचणीतल्या स्त्रिया ५० ते ७९ वयाच्या, सरासरी वय ६३. हेतू म्हातारपणातले आजार टाळता येतात का, हे पाहण्याचा. सत्तेचाळिसाव्या वर्षी आठवड्यातून दोनदा अंधाऱ्या खोलीत उलट्या करत पडणारी बाई त्या चाचणीत नव्हतीच, आणि दार बंद झालं ते तिचंही. पुढे वयोगटानुसार आकडे मांडले गेले, तेव्हा पन्नाशीतल्या स्त्रियांचं चित्र बरंच सौम्य निघालं. पण तोवर डॉक्टरांची एक पिढी हार्मोन्सला हात न लावता शिकून बाहेर पडली होती.

भीती अगदीच निराधार नव्हती, हेही सांगायला हवं. डोकं दुखण्याआधी ज्यांच्या डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेषा येतात, त्या ऑरावाल्या अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो. म्हणूनच १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी अशा स्त्रियांना संयुक्त गर्भनिरोधक गोळी वर्ज्य ठरवली, ते योग्यच झालं. गोंधळ झाला तो हीच बंदी पाळी जाण्याच्या काळातल्या हार्मोन उपचारालाही सरसकट लावल्यामुळे. एका जुन्या गर्भनिरोधक गोळीवर ५० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, त्वचेवर लावायच्या पट्टीवरही ५० मायक्रोग्रॅम. आकडा तोच, पण गोळीतलं कृत्रिम एथिनिल इस्ट्रॅडिओल कितीतरी पटींनी तीव्र, तर पट्टीतलं इस्ट्रॅडिओल शरीरात बनतं तेच. पट्टीतलं औषध आधी यकृतात जात नाही, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक तसे वाढत नाहीत, आणि पातळीही बरीच एकसारखी राहते. २०१० च्या एका ब्रिटिश अभ्यासात ५० मायक्रोग्रॅमपर्यंतच्या पट्टीने पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला नाही. त्याहून मोठ्या मात्रेत दिसला.

महाराष्ट्रात हा विषय वेगळ्या वाटेने येतो, गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेतून. १९९३ च्या एका इटालियन अभ्यासात, पाळी आपोआप गेलेल्या दोन तृतीयांश स्त्रियांची अर्धशिशी कमी झाली, शस्त्रक्रियेने गेलेल्या दोन तृतीयांश स्त्रियांची वाढली. अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं. नुसती पिशवी काढली तरी अंडाशयं लवकर थकल्याचं अभ्यासांत दिसतं. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती, अनेकींची चाळिशीच्या आत. पाळीच्या कटकटीतून सुटका म्हणून सांगितलेल्या या शस्त्रक्रियेची पुढची किंमत डोकेदुखीच्या चर्चेतही मोजायला हवी.

२०१८ पासून हार्मोन्सशी थेट संबंध नसलेली, खास अर्धशिशी रोखण्यासाठी बनवलेली इंजेक्शनं आली. ती महाग आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध नियामकांनी हार्मोन उपचारांच्या माहितीपत्रकांत ठळक चौकटीत छापले जाणारे बहुतेक इशारे काढण्याचं जाहीर केलं. हार्मोन उपचार तिथे गरम वाफा, रात्रीचा घाम यांसाठी मान्य आहेत, अर्धशिशीसाठी नाहीत. इस्ट्रोजेनमुळे बळावू शकणाऱ्या आजारांच्या यादीत दमा, फेफरं यांच्यासोबत अर्धशिशीचं नाव तिथल्या माहितीपत्रकांत वर्षानुवर्षं छापलं जात आलं आहे. औषध गोळी असो की पट्टी, वाक्य तेच.