जीटीओ का गुरगुरते?

१९६४ सालची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ दिसायला तशी साधीच. टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या घरगुती गाडीचा सांगाडा, गंमत सगळी बॉनेटखाली. एवढ्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा पालक कंपनी जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या गाड्यांचं ३८९ घनइंची, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं व्ही-८ (दोन रांगांत आठ सिलिंडरचं इंजिन) त्यात बसवलं. दंडकाला बगल कशी दिली? ही नवी गाडी नाहीच, टेम्पेस्टच्याच ले मान्स मॉडेलवर सुमारे २९५ डॉलरांत मिळणारं जादा पॅकेज आहे, असं कागदावर दाखवून. विक्री विभागाने सुरुवातीला पाच हजार गाड्यांचीच परवानगी दिली. पहिल्या वर्षी ३२,४५० गेल्या. नाव मात्र फेरारीच्या शर्यतीच्या गाडीचं सरळ उचललेलं!

तीन कार्बोरेटरवाल्या इंजिनाची ताकद ३४८ अश्वशक्ती सांगितली जाई. हा आकडा जरा जपून घ्यावा. तेव्हा इंजिन स्टँडवर ठेवून, पंखा आणि एअर क्लीनरशिवाय, मोकळ्या एक्झॉस्टवर मोजत. हिशोबाची पद्धत बदलली की आकडा किती उतरतो पाहा: १९७१ च्या जीटीओचं मूळ ४०० घनइंची इंजिन जुन्या पद्धतीने ३०० अश्वशक्तीचं, तर गाडीतल्यासारखं सगळं जोडून मोजलं की २५५ चं. टॉर्कचं, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचं, तसं नव्हे, तो पायाला कळतो. ३८९ मध्ये तो सुमारे ५८० न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला ३६०० फेऱ्यांनाच. त्यामुळे इंजिन किंचाळायला न लावता गाडी झेप घेते.

आणि आवाज. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. विषम सिलिंडर डाव्या रांगेत, सम उजव्या. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ९० अंश फिरला की एक ठोका, म्हणजे एकूण चाल अगदी समान. पण रांगेनुसार मोजा: डावी, उजवी, उजवी, डावी, उजवी, डावी, डावी, उजवी. डाव्या बाजूच्या पाइपला ठोके २७०, १८०, ९० आणि पुन्हा १८० अंशांच्या अंतराने मिळतात. जीटीओला दोन्ही रांगांचे पाइप वेगळे असल्यामुळे ही अडखळ कानापर्यंत पोचते. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सेकंदाला ४० ठोके, आणि हा लंगडा ठेका सेकंदाला पाचदा. संबळाच्या दोन्ही वाद्यांवर वेगळ्या काठ्या पडाव्यात तसं. फेरारीच्या व्ही-८ मधल्या सपाट क्रँकमध्ये (त्याचे सगळे वळसे एकाच पातळीत असतात) दोन्ही रांगांना समान अंतर मिळतं, म्हणून ती गुरगुरत नाही, किंचाळते.

तीन कार्बोरेटरांपैकी रोजचं काम मधला करतो. चोकही त्याच्यावरच. बाहेरचे दोन, पॅडल बरंच दाबल्यावर उघडतात. आयडल चढा राहिला तर स्क्रू पिळण्याआधी बाहेरच्यांच्या फुलपाखरू-झडपा पूर्ण मिटतात का ते बघा. जराशी फट राहिली तरी जादा हवा आत जाते.

पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, सेट करणं मात्र सोपं, पद्मिनीवर हात काळे केलेल्यांना हेवा वाटावा इतकं. डेल्को डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या) झाकणाला छोटी खिडकी आहे. इंजिन चालू ठेवून आतला स्क्रू अ‍ॅलन चावीने आत फिरवायचा, मिसिंग (ठोके चुकणं) सुरू झालं की अर्धा फेरा मागे घ्यायचा. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश जोडलेले राहतात ते दाखवणारा) असेल तर ३० अंश.

आजच्या पेट्रोलचा त्रास दुहेरी आहे. १०.७५:१ इतक्या कॉम्प्रेशनला हल्लीच्या पंपावरचं पेट्रोल पुरत नाही, इंजिन नॉक करतं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठकठकतं. शिवाय पेट्रोलमध्ये शिसं नाही. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे मिटल्यावर तो टेकतो ती कड, वाचवायचा. तो गेला की तापलेला व्हॉल्व्ह बिडाच्या सीटला सूक्ष्म बिंदूंवर चिकटतो, सुटताना तिचे कण ओढून नेतो, सीट खोल होते. हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे, तेलाच्या दाबाने स्वतःची लांबी जुळवून घेणारे भाग) काही काळ हे सांभाळून घेतात, म्हणून कळत नाही. त्यांची चाल संपली की व्हॉल्व्ह मिटेनासा होतो आणि जळतो. हेड खोललंच असेल तर कडक सीट बसवून घ्याव्यात.

ब्रेक हा या गाडीचा खरा कच्चा दुवा. चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम, वेगाच्या मानाने अगदीच तोकडे. दोन-तीनदा जोरात दाबले की तापून पकड सोडतात. कारखान्यातून धातूचं लायनिंग मिळायचं, ते उष्णता सोसतं. थंड असताना मात्र ते नीट धरत नाही, तेव्हा सकाळच्या पहिल्या सिग्नलला पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावं.