धावल्याने मुलींचं गर्भाशय सरकत नाही

शाळा सुटल्यावर पुण्याच्या सणस मैदानावर मी मुलींना विनामोबदला धावायला शिकवते. सातवी-आठवीत पाळी सुरू झाली की आई येऊन सांगते, "ताई, आता बंद करते. गर्भाशय सरकतं म्हणतात."

सरकत नाही. स्नायू आणि अस्थिबंध (धरून ठेवणारे चिवट पट्टे) त्याला घट्ट धरून ठेवतात. अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भाशय खाली उतरण्याचा त्रास मुख्यतः बाळंतपणं आणि वाढत्या वयामुळे होतो. पाळीतही धावता येतं, उलट हलक्या धावण्याने अनेकींचं पोट दुखायचं कमी होतं. फार दुखत असेल तर विश्रांती घ्यावी, इतकंच.

ही भीती जगभर होती. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये 800 मीटरच्या अंतिम फेरीत धावलेल्या नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली, तरी "बायका कोसळल्या" अशा बातम्या छापून आल्या आणि ती शर्यत थेट 1960 मध्ये परतली. केवढा अन्याय! आपल्या साताऱ्याची ललिता बाबर 2016 मध्ये रिओला 3000 मीटर स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) अंतिम फेरी धावली.

खरी काळजी खाण्याची. डबा अर्धा परत नेणारी मुलगी दमते. सरावाआधी केळं, नंतर शेंगदाण्याचा लाडू द्या. नियमित येणारी पाळी तीन महिने चुकली, तर डॉक्टरांना दाखवा.