ओव्याचा अर्क की ओव्याचं तेल?

इंदूरच्या सियागंजात जडीबुटीच्या दुकानात ‘अजवाइन का अर्क’ आणि ‘अजवाइन का तेल’ एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात. बाटल्यांचं आकारमान वेगळं, किंमत वेगळी, पण झाकण उघडून हुंगलं तर दोन्हींतून ओवाच येतो. घरी ओवा म्हणणारे आपण मराठी लोक दुकानात बिनदिक्कत अजवाइन म्हणतो आणि घरी आल्यावर दोन्ही बाटल्या ‘ते ओव्याचं’ म्हणून एकाच कप्प्यात टाकतो. घोळ तिथंच सुरू होतो. अर्क चमच्यानं घ्यायची वस्तू आहे, तेल थेंबानं मोजायची. अर्क समजून तेल घेतलं तर दवाखाना गाठावा लागेल. तेल समजून अर्क घेतला तर फार तर पोट दुखायचं थांबणार नाही.

दोन्ही निघतात मात्र एकाच भांड्यातून. तळाशी पाणी, त्यावर जाळी, जाळीवर भरडलेला ओवा, घट्ट झाकण, झाकणातून निघालेली नळी, ती थंड पाण्यातून फिरवलेली आणि शेवटी काचेची बाटली. याला भपका म्हणा, ऊर्ध्वपातन म्हणा, काम तेच. वाफ ओव्यातून जाते, त्याचा वास घेऊन नळीत शिरते आणि थंड होऊन बाटलीत टपकते. सुरुवातीला जे पडतं ते दुधाळ, गढूळ असतं. तासभर न हलवता ठेवलं की वर पिवळसर पातळ थर चढतो आणि खाली पाणी निवळतं. वरचं तेल, खालचा अर्क.

लवंग आणि दालचिनी मात्र या चित्राला अपवाद आहेत. त्यांचं तेल पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं. वरचा थर शोधत बसणारा माणूस ‘लवंगेला तेलच सुटलं नाही’ म्हणून बाटली मोरीत ओततो, आणि सगळ्यात महागडा भाग वाहून जातो.

आता एक प्रश्न रसायनाच्या तासाला पडायला हवा तो. ओव्याचा वास ज्यामुळे येतो तो थायमॉल २३२ अंश सेल्सियसला उकळतो, लवंगेतला युजेनॉल २५४ ला. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मग हे पदार्थ वाफेबरोबर येतात कसे? एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापले की दोघांचाही बाष्पदाब, म्हणजे त्यांच्या वाफेचा दाब, स्वतंत्रपणे काम करतो आणि त्यांची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळू लागतं. तेलाचा वाटा त्यात किरकोळ असतो, बहुतेक भार पाणी उचलतं. पण किरकोळ का होईना, तेल वाफेबरोबर निघतं, आणि तेही पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या थोडं खालीच. म्हणून ते करपत नाही. सरळ आचेवर दोनशे अंशांपर्यंत तापवायला गेलात तर ओव्याचं तेल नव्हे, जळका धूर मिळेल.

याचा दुसरा परिणाम म्हणजे जे वाफेबरोबर उडतं तेच पलीकडं जातं, बाकी सगळं जाळीवर राहतं. मिरचीचा तिखटपणा येत नाही. हळदीचा पिवळा रंग येत नाही. हळदीचं ऊर्ध्वपातित तेल फिकट असतं आणि त्यात तो रंग देणारं कर्क्युमिन नावालाही नसतं. मिऱ्याचं तेल हुंगायला अगदी मिरं, पण जिभेला झोंबत नाही, कारण झोंबणारं पायपरिन मागेच राहिलेलं असतं. सुंठीचंही तसंच. आपल्या पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्यात हे रोज दिसतं: डबा महिनाभर उघडा राहिला तर जिऱ्या-लवंगेचा वास उडून जातो, तिखट-मीठ जागच्या जागी. जे उडालं तेवढंच भपक्यातून मिळालं असतं. ‘हळदीचं तेल लावा, कर्क्युमिन मिळेल’ अशा जाहिराती वाचल्या की मला हसू येतं.

तर मग अर्कात काय असतं? तेलातले सगळे घटक पाण्याशी सारखे वागत नाहीत, आणि दोघांमधला खरा फरक इथं आहे. थायमॉल एका लिटर पाण्यात जवळपास एक ग्रॅम विरघळतो, युजेनॉल दोन-अडीच ग्रॅम. ओव्याच्या तेलातले बाकीचे मोठे घटक, पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन, हे हायड्रोकार्बन, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनचे बनलेले, आहेत. ते पाण्याला जवळजवळ तोंडही लावत नाहीत. म्हणजे अर्क हे नुसतं पातळ केलेलं तेल नाही, त्याची घडणच वेगळी आहे. त्यात पाण्याशी जमवून घेणारे घटक जास्त आणि बाकीचे जेमतेम. बाजारातून तेल आणून पाण्यात दोन थेंब टाकून ‘अर्क तयार’ म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं. ते थेंब पाण्यावर तरंगत राहतात, आणि पिणाऱ्याच्या घशाला आधी तोच तवंग लागतो.

घरी छोट्या प्रमाणावर हे करणाऱ्यांना याचा एक फटका बसतो, जो कारखान्याला बसत नाही. शंभर ग्रॅम ओव्यात सगळं मिळून दोन ते चार ग्रॅम तेल असतं, त्यातला साधारण निम्मा थायमॉल. तुम्ही हौसेनं पाऊण लिटर पाणी गोळा केलंत तर त्यातला पाव ते अर्धा ग्रॅम थायमॉल पाण्यातच विरघळून बसतो. वर तरंगणारा थर आधीच तुटपुंजा, त्यात त्याचा मुख्य गुणच कमी. तेल काढणारे म्हणूनच निघालेलं पाणी पुन्हा भांड्यात सोडतात आणि त्यातलं तेल वसूल करतात. घरी पाणी कमी गोळा करा. निघालेल्या पाण्यात मीठ विरघळवलं तरी तेल आणखी थोडं सुटून वर येतं. पण मग ते पाणी अर्क म्हणून बाद. एकाच घाण्यात दोन्ही उत्तम हवं, असं इथं चालत नाही.

अर्क करणाऱ्याची रीत उलटी. आयुर्वेदातल्या पद्धतीत भरड रात्रभर पाण्यात भिजत घालतात, सकाळी त्याच पाण्यासकट भपक्यात चढवतात आणि घातलेल्या पाण्याच्या साधारण ६० टक्के गोळा करून थांबतात. शेवटचं पाणी घेत नाहीत, कारण त्यात वास संपलेला असतो आणि उकडल्याचा दर्प उतरू लागतो. युनानीतही अर्क अजवाइन, अर्क बादियान, अर्क गुलाब यांची परंपरा आहे. बादियान म्हणजे आपली बडीशेप. या लोकांना वरच्या तवंगाचं फारसं कौतुक नसतं, त्यांना वासाचं पाणी हवं असतं.

मात्रेचा हिशेब एकदा मांडूनच पाहू. चहाचा चमचा म्हणजे ५ मिली. तेवढ्या अर्कात थायमॉल अगदी भरपूर धरला तरी ५ मिलिग्रॅम. तेवढ्याच ओव्याच्या तेलात दोन ग्रॅमच्या पुढं. चारशे पट. वेगळ्या शब्दांत, एक चमचा तेल म्हणजे दीडशे-दोनशे ग्रॅम ओवा एका घोटात. विड्यानंतर चिमूटभर ओवा चावणाऱ्या माणसाचं पोट त्यासाठी बनलेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आतड्यातल्या हुकवर्म जंतांवर थायमॉल ग्रॅमच्या मात्रेत देत असत. त्यानं जंत जात, पण रोग्यालाही त्रास होई, आणि सुरक्षित औषधं आल्यावर तो उपाय मागे पडला.

लवंग तेलाची गोष्ट आणखी गंभीर आहे, कारण ती बाटली घरोघरी असते. दाढ दुखली की कापसाचा बोळा बुडवून लावतात. दंतवैद्यही झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचं मिश्रण दातात भरतात, त्यामुळे उपाय पोकळ नाही. पण हिरडीवर पुन्हा पुन्हा लावलं तर ती भाजते. आणि दोन वर्षांच्या मुलानं पाच-दहा मिली लवंग तेल प्यायल्यावर बेशुद्धी, झटके आणि यकृताला इजा झाल्याची नोंद १९९३ साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. मूल वाचलं, पण जेमतेम. असं काही घडलं तर उलटी करवू नये, बाटली हातात घेऊन थेट रुग्णालय गाठावं. औषधाच्या कपाटातल्या अर्काच्या बाटलीशेजारी ही बाटली ठेवणं मला अजिबात पटत नाही, मग आजी कितीही म्हणोत की इतकी वर्षं तिथंच आहे.

तेलाची गोष्ट निघाली की सत मागोमाग येतं. पुण्याकडं ज्याला ओव्याची फुलं म्हणतात ते हे पांढरे खडे म्हणजे ओव्याच्या तेलातून वेगळा झालेला थायमॉल. तो पन्नास अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे तेल थंडीत ठेवलं की खडे सुटतात. गंमत अशी की पुण्याची ही फुलं मूळची आपल्या मुलखातली. १८७० च्या दशकात लंडनला छापलेल्या एका औषधी ग्रंथात लिहिलंय की पुण्यात आणि दख्खनच्या इतर बाजारांत मिळणारं ‘अजवाइन का फूल’ उज्जैनला आणि मध्य भारतात इतरत्र तयार होतं. हे खडे म्हणजे थायमॉलच, हे १८५० च्या दशकातच रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. उज्जैन इथून पंचावन्न किलोमीटर. पुण्याच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते जरा गप्प होतात. या खड्यांत कापूर आणि पुदिन्याचं सत मिसळलं की तिन्ही घन पदार्थ आपोआप वितळून द्रव होतात, तीच अमृतधारा. अर्थात तीही थेंबाचीच.

घरी करून पाहायचं असेल तर थंडी निवडा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापलेलं असतं की नळी थंड होतच नाही, वाफ तशीच बाहेर पडते आणि सगळा वास शेजाऱ्यांना. कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावून काम होतं, पण नळी कुठंही दुमडलेली नको आणि ओव्याचे दाणे वाफेच्या भोकात अडकायला नकोत. दाणे कापडाच्या सैल पुरचुंडीत बांधून जाळीवर ठेवा. वाट बंद झाली तर तो कुकर राहत नाही, बाँब होतो. बाटली गॅसच्या ज्योतीपासून लांब ठेवा, तेलाची वाफ पेट घेते. दाणे भरड कुटा, पीठ करू नका. आणि कुटल्यावर लगेच चढवा, कारण खलबत्त्यातून वास उठतोय म्हणजे तेल चाललंय. पहिल्यांदा करणाऱ्यानं सरळ लवंग घ्यावी. चांगल्या लवंगेत वजनाच्या १५ ते २० टक्के तेल असतं, त्यामुळे घरगुती भपक्यातही तळाशी थेंब दिसतात. ओव्याचा तवंग शोधायला डोळे बारीक करावे लागतात, आणि दालचिनीचं तर नावच नको, सालीत जेमतेम एक टक्का.

बाजारातल्या बाटलीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे तीन-चार गोष्टींवरून कळतं. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. भपक्यातलं तेल काही तासांत, लवंगेसारखं जड असेल तर एक-दोन दिवसांत, उडून जातं. तेलकट डाग कायम राहिला तर आत तीळ, सोयाबीन किंवा पॅराफिन आहे. लवंग तेलाचा थेंब पाण्यात टाकला की खाली जायला हवा; तरंगला तर भेसळ भरपूर. बडीशेपेचं तेल इंदूरच्या जानेवारीतल्या रात्री गोठलं तर घाबरू नका, त्यातला मुख्य घटक ॲनिथॉल वीस-एकवीस अंशांनाच घट्ट होतो, ते चांगलं लक्षण आहे. आणि ज्या लवंग तेलाच्या बाटलीत खाली लवंगा पडलेल्या दिसतात ते भपक्यातलं नव्हेच. गोड्या तेलात लवंगा कढवून किंवा मुरवून केलेलं आहे. लौंग सेवेच्या कढईतही लवंगेचा वास तेलात असाच उतरतो. मालिशीला ते छान. दाढेला लावून मात्र काही मिळायचं नाही.

अर्क तपासायला सोपा: पारदर्शक, चवीला कडसर-झणझणीत, बोटांना चिकट न लागणारा. तो पाणीच असल्यामुळे नासतो. बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, आणि तळाशी कापसासारखे तंतू दिसले किंवा वास आंबूस आला तर फेकून द्या. तेलाला बुरशी लागत नाही, पण उजेड आणि हवा यांनी ते जुनं होतं, म्हणून गडद रंगाची, काठोकाठ भरलेली काचेची बाटली. प्लास्टिकच्या डबीत लवंग तेल ठेवू नका. युजेनॉल कित्येक प्लास्टिकं मऊ करतो, थर्मोकोल तर विरघळवून टाकतो. तेलाच्या बाटलीचं मूळ लेबल काढू नका, आणि उरलेलं तेल अर्काच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नका.