एम अँड एम मीटिंग आणि शस्त्रक्रियांची रजिस्ट्री

ऑपरेशननंतर काय बिघडलं, हे पाहण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. एक म्हणजे मॉर्बिडिटी अँड मॉर्टॅलिटी, अर्थात एम अँड एम मीटिंग: विभागातले डॉक्टर एकत्र बसून कॉम्प्लिकेशन्स (ऑपरेशननंतरची गुंतागुंत) आणि मृत्यू यांच्या केसेसवर चर्चा करतात. दुसरी शस्त्रक्रियांची रजिस्ट्री, म्हणजे ऑपरेशनांच्या निकालांची ठरलेल्या पद्धतीने ठेवलेली नोंद. अमेरिकेतली ‘एनएसक्विप’ त्यातली सर्वांत नावाजलेली. मीटिंग नेमाने भरत असली की विभागाला वाटतं, आपली सगळी कॉम्प्लिकेशन्स आपल्याला ठाऊक आहेत.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहिल्या. २००६ साली छापून आलेला निष्कर्ष असा, की रजिस्ट्रीत सापडलेले साधारण निम्मे मृत्यू आणि चारातली तीन कॉम्प्लिकेशन्स मीटिंगपर्यंत पोचलीच नव्हती. यात लपवाछपवीच असते असं नाही. मीटिंगला केस आणतो तो बहुधा रेसिडेंट (प्रशिक्षण घेणारा ज्युनियर डॉक्टर), आणि तो आणतो लक्षात राहिलेली, शिकण्याजोगी केस. आतड्याचा जोड सुटून पेशंटला रात्रीत पुन्हा टेबलवर घ्यावं लागलं, तर ती हमखास येते. हर्नियाच्या जखमेत बाराव्या दिवशी पू झाला आणि गावच्या डॉक्टरांनी टाके मोकळे केले, तर ऑपरेशन करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. (मुंबई-पुण्यात ऑपरेशन करून गावी परतणाऱ्यांच्या बाबतीत हे सहज घडू शकतं.)

रजिस्ट्रीत केस निवडणं सर्जनच्या हातात नसतं. प्रशिक्षित रिव्ह्यूअर, बहुतेकदा नर्स, ठरलेल्या पद्धतीने केसेस उचलते आणि पेशंट घरी गेला तरी ३० दिवस पाठपुरावा करते: केसपेपर, ओपीडीच्या नोंदी, गरज पडली तर फोन. न्यूमोनिया कशाला म्हणायचं, जखमेचा संसर्ग कशाला, याच्या व्याख्या लेखी असतात. पेशंट मुळात किती आजारी होता तेही हिशेबात धरतात, नाहीतर अवघड केसेस घेणारा सर्जनच वाईट ठरायचा. हे सगळं आधी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत शुक्री खुरी यांच्या पुढाकाराने घडलं. १९९१ मध्ये ४४ हॉस्पिटलांत अभ्यास, १९९४ पासून कायमचा कार्यक्रम.

पण जोड सुटण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आहे, इतकंच रजिस्ट्री सांगते. रात्री दोनला नर्सने नाडी १२० लिहिली, रेसिडेंटने वेदनाशामक दिलं, सीनियरला फोन गेला तो सकाळी सातला; त्या पाच तासांत काय झालं, हे चर्चेतच बाहेर येतं. तेही पहिल्या रांगेत बसलेल्या सीनियर डॉक्टरांकडून ‘चूक कुणाची?’ हा सवाल आला नाही तर.

बोस्टनच्याच अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने ही दोन्ही कामं एकत्र केली होती. १९११ ते १९१६ दरम्यान स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलातून घरी गेलेल्या ३३७ पेशंटांची नोंद त्याने ठेवली आणि त्यातल्या १२३ चुका कारणांसकट छापल्या. व्यवसायबंधूंना हे अर्थातच मानवलं नाही.

मोठी रजिस्ट्री परवडत नसेल, तर ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) रजिस्टरमधल्या प्रत्येक पेशंटला तिसाव्या दिवशी एक फोन करता येतो. मीटिंगच्या केसेस त्या यादीतून निवडाव्यात, आणि त्या ऑपरेशन करणाऱ्याने निवडू नयेत.