सांता एलेना आणि पूक टेकड्यांतील माया नगरे

सांता एलेना : मेक्सिकोच्या युकातान राज्यातील छोटे शेतकरी गाव. वस्ती मुख्यतः माया भाषकांची. राज्याची राजधानी मेरिदाच्या दक्षिणेस, कांपेचेकडे जाणाऱ्या 261 क्रमांकाच्या महामार्गालगत ते आहे. वायव्येस सुमारे 15 किमी.वर उश्माल, दक्षिणेस सुमारे 8 किमी.वर काबाह आणि त्यापुढे आतल्या रस्त्यावर सायिल, श्लापाक व लाब्ना ही प्राचीन माया नगरे आहेत. यांपैकी उश्माल, काबाह, सायिल व लाब्ना 1996 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. बहुतेक पर्यटक मेरिदाहून येऊन उश्माल पाहून त्याच दिवशी परततात. सांता एलेनात मुक्काम केला, तर बाकीची स्थळे निवांत पाहता येतात आणि खरे तर ती उश्मालइतकीच मोलाची आहेत.

या पट्ट्याचा सगळा इतिहास पाण्याभोवती फिरतो. युकातान द्वीपकल्प चुनखडीचा. पाऊस पडला की पाणी थेट खाली झिरपते, त्यामुळे जमिनीवर फारशा नद्या नाहीत. उत्तरेच्या सपाट भागात खडकाचे छत कोसळून तयार झालेले नैसर्गिक डोह, म्हणजे सेनोते, लोकांना तारतात. चिचेन इत्सा हे माया नगर अशाच पाण्यावर उभे राहिले. सांता एलेनाभोवतीच्या पूक टेकड्यांत मात्र भूजल फार खोल आहे आणि सेनोते जवळपास नाहीतच. उलट माती युकातानातल्या इतर भागांपेक्षा कसदार. नोव्हेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत प्यायला पाणी नसेल, तर त्या मातीचा उपयोग काय?

यावर माया लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे चुलतुन. जमिनीत, खडकात बाटलीच्या आकाराचा हौद खोदायचा, आतून चुन्याचा गिलावा करायचा आणि तोंडाभोवतीचे अंगण गिलावा देऊन मध्याकडे उतरते ठेवायचे, म्हणजे अंगणावर पडलेला पाऊस हौदात जातो. तोंड अरुंद असल्याने बाष्पीभवन कमी होते, कचराही कमी पडतो. अमेरिकन पुरातत्त्व संशोधक एडवर्ड टॉम्प्सन यांनी लाब्नाच्या चुलतुनांत उतरून केलेली पाहणी 1897 मध्ये प्रसिद्ध झाली. घरांचे चौथरे आणि हे हौद मोजून संशोधक जुन्या नगरांच्या लोकसंख्येचा अंदाज बांधतात. सायिलच्या भरभराटीच्या काळासाठी तो सुमारे 10 हजारांचा आहे. आज तिथे अवशेष आणि झाडीशिवाय काही नाही, हे पाहता हा आकडा थक्क करणारा आहे.

या नगरांचा बहर साधारण इ. स. 770 ते 950 चा. त्यांच्या इमारतींची शैली पूक या नावानेच ओळखली जाते : आत चुना व दगडगोट्यांचा भक्कम गाभा, बाहेरून तासलेल्या दगडांचे पातळ आवरण, भिंतीचा खालचा भाग साधा आणि वरचा सुट्या घडीव दगडांच्या नक्षीने भरलेला. काबाहच्या कोत्स पोप या इमारतीत हा संयम सुटला आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर वरपासून खालपर्यंत अडीचशेच्या आसपास मुखवटे बसवलेले आहेत. डोळे, कान, दात, सोंडेसारखे वळलेले नाक हे सगळे वेगवेगळे दगड. बहुतेक नाके तुटली आहेत. आतल्या एका खोलीत शिरायची पायरीसुद्धा अशाच मुखवट्याच्या गुंडाळलेल्या नाकाची आहे. हे मुखवटे पर्जन्यदेव चाकचे, असे मार्गदर्शक ठामपणे सांगतात. काही अभ्यासकांच्या मते त्यांतले बरेच पर्वतदेवतेचे असावेत.

सायिलचा तीनमजली प्रासाद सुमारे 85 मी. लांब आहे. लाब्नाची कमान त्याहून खूप लहान, पण पाहण्यासारखी. तिच्या वरच्या भागात दोन कोनाडे गवताच्या छपराच्या झोपडीसारखे कोरले आहेत. तसेच छप्पर असलेली, गोलाकार टोकांची माया घरे सांता एलेनाच्या गल्ल्यांत अजून दिसतात. उश्मालची ‘जादूगाराचा पिरॅमिड’ ही वास्तू लंबवर्तुळाकार पायाची असून उंची सुमारे 35 मी. आहे, तिच्यावर चढण्यास मनाई आहे. उश्माल आणि काबाह यांना जोडणारा 18 किमी.चा उंचावलेला दगडी मार्ग (साकबे) काबाहजवळच्या एका सुट्या कमानीपाशी संपतो.

दहाव्या शतकानंतर ही नगरे ओस पडत गेली. संशोधक डेव्हिड होडेल व सहकाऱ्यांनी 1995 मध्ये युकातान द्वीपकल्पातील चिचांकानाब सरोवराच्या गाळाच्या अभ्यासावरून इ. स. 800 ते 1000 च्या दरम्यान तीव्र अवर्षण झाल्याचे दाखवले. पावसाखेरीज दुसरा आधार नसलेल्या पूक नगरांना ते झेपले नसावे. युद्धे व सत्तांतरे हीही कारणे मानली जातात.

सांता एलेनाचे जुने नाव नोहकाकाब. अमेरिकन प्रवासी जॉन लॉइड स्टीव्हन्स आणि इंग्रज चित्रकार फ्रेडरिक कॅदरवुड यांनी 1841-42 च्या मोहिमेत इथल्या चर्चच्या मठात तळ ठोकून भोवतालचे अवशेष नोंदवले. कॅदरवुडची रेखाचित्रे आजही उपयोगी पडतात. मात्र स्टीव्हन्स यांनी काबाहहून उचलून नेलेल्या कोरीव लाकडी तुळया 1842 मध्ये न्यूयॉर्कमधल्या आगीत जळाल्या. त्या जागेवरच राहिल्या असत्या तर बरे झाले असते. उंचवट्यावरचे सान मातेओ चर्च गावात कुठूनही दिसते. 1980 मध्ये त्याच्या फरशीखाली लहान मुलांचे सुकून टिकलेले मृतदेह सापडले. चर्चलगतच्या छोट्या संग्रहालयात त्यांतले काही ठेवले आहेत.

मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरण्याची ‘मिल्पा’ शेती इथे अजूनही पावसावर चालते. पाऊस लांबला की युकातानच्या माया गावांत ‘चा चाक’ हा विधी होतो : वेदीच्या चार कोपऱ्यांना मुलगे बसतात आणि बेडकासारखे ओरडून पावसाला बोलावतात.

मेरिदा ते कांपेचे मार्गावरील साध्या बसने उश्माल, सांता एलेना व काबाह गाठता येतात. सायिल ते लाब्ना या रस्त्यासाठी स्वतःचे वा भाड्याचे वाहन लागते. उश्मालला केंद्र व राज्य यांची शुल्के वेगवेगळी घेतली जातात. रोख पेसो आणि पुरेसे पाणी सोबत असावे. पावसाळ्यात डास फार, एप्रिल-मेमध्ये ऊन असह्य; डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात बरा.